कुपी शुद्ध आहे म्हणून टीएसएचचा आकडा बरोबर ठरत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञानाच्या पानावर जनुकीय तंत्राने तयार केलेल्या ‘मानवी थायरॉइड संप्रेरका’विषयीचे टिपण वाचले. थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली घरोघरी दिसते, पण थायरॉइडच्या रक्ततपासणीत वापरले जाणारे सामान कुठून येते हे सहसा कोणी लिहीत नाही. म्हणून विषय घेतलात हे बरे झाले. मात्र त्यातली दोन विधाने दुरुस्त व्हायला हवीत. एक नावाचे आहे, दुसरे परिणामाचे, आणि दुसरे पहिल्यापेक्षा महागात पडणारे आहे.

नावाचे आधी. टिपणात ज्याला थायरॉइड संप्रेरक म्हटले आहे ते टीएसएच (थायरॉइडला चेतवणारे संप्रेरक) थायरॉइडमध्ये तयार होतच नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीत तयार होते आणि थायरॉइडला कामाला लावते. थायरॉइडची स्वतःची संप्रेरके म्हणजे टी४ आणि टी३. हे आयोडीन असलेले लहान रेणू कारखान्यात साध्या रासायनिक क्रियांनी बनतात. सकाळी उपाशीपोटी घेतली जाणारी गोळी ती टी४ची, म्हणजे थायरॉक्सिनची. ‘रिकॉम्बिनंट’, म्हणजे जनुकीय तंत्राने बनवलेले, हे विशेषण लागते ते टीएसएचला, कारण ते साखरेच्या फांद्या लागलेले मोठे प्रथिन आहे आणि जिवंत पेशींकडूनच करून घ्यावे लागते.

दुसरे विधान असे की, तपासणीचे माप लावायला असे शुद्ध टीएसएच कुपीत मिळू लागल्यामुळे रुग्णाच्या रक्तातल्या टीएसएचचा सगळ्या प्रयोगशाळांचा आकडा आता एकसारखा येईल. तो येणार नाही. का येणार नाही हे समजण्यासाठी रेणूकडे जरा जवळून पाहावे लागते.

टीएसएचच्या दोन साखळ्या असतात. अल्फा साखळी ९२ अमिनो आम्लांची असून एलएच, एफएसएच या प्रजननाच्या संप्रेरकांत आणि गर्भारपणातल्या एचसीजीमध्येही हीच साखळी असते. बीटा मात्र टीएसएचची स्वतःची. अल्फावर दोन आणि बीटावर एक अशा तीन जागी साखरेच्या फांद्या लागतात. प्रयोगशाळेतले टीएसएच बहुधा चिनी हॅम्स्टरच्या अंडाशयापासून वाढवलेल्या पेशींत तयार करतात. अमिनो आम्लांची माळ तिथे माणसासारखीच गुंफली जाते, पण फांद्यांची टोके बदलतात. पिट्यूटरीत बऱ्याच फांद्या सल्फेट लागलेल्या साखरेवर संपतात. हॅम्स्टरच्या पेशींकडे ते काम करणारी विकरे (एन्झाइम) नसल्याने तिथे टोकाला सायलिक आम्ल येते. सल्फेटवाले रेणू यकृत ओळखून चटकन उचलते. सायलिक आम्लवाले रक्तात जास्त वेळ टिकतात. रुग्णाला टोचायचे असेल तर हा गुणच म्हणायचा. मोजमापात मात्र अडचण होते, कारण तपासणीतली अँटीबॉडी, म्हणजे ठरावीक रेणू ओळखून त्याला चिकटणारे प्रथिन, रेणूचा आकार पाहते आणि साखर बदलली की काही अँटीबॉडींना रेणू थोडा वेगळा दिसतो.

खरेदी करणाऱ्यांनी इथेच डोळे उघडे ठेवावेत. ‘रिकॉम्बिनंट मानवी टीएसएच’ या नावाखाली बाजारात तीन वेगवेगळ्या वस्तू मिळतात: सस्तन प्राण्याच्या पेशींत बनलेला दोन साखळ्यांचा पूर्ण रेणू, नुसती बीटा साखळी, आणि ई. कोलाय जिवाणूत बनलेली, साखर नसलेली बीटा. शेवटची सर्वांत स्वस्त असते. वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिन पट्टीच्या रूपात ओळखण्याच्या चाचणीत, पट्टी दाखवायला ती चालेल. एक अँटीबॉडी अल्फावर आणि दुसरी बीटावर बसणाऱ्या सँडविच तपासणीत ती घातली तर वाचन शून्य येते आणि दोष किटला दिला जातो. माहितीपत्रकावर यजमान पेशी कोणती आणि साखळ्या किती हे दोन शब्द वाचल्याशिवाय ऑर्डर देऊ नये.

आता मापाच्या काट्याविषयी. टीएसएच वजनात मोजत नाहीत, आंतरराष्ट्रीय युनिटमध्ये मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण द्रव्य इंग्लंडमधल्या एनआयबीएससी संस्थेकडून येते. ८०/५५८ आणि त्यानंतरचे ८१/५६५ या क्रमांकांची दोन्ही द्रव्ये मृत माणसांच्या पिट्यूटरीतून काढलेल्या टीएसएचची आहेत. तशा ग्रंथींपासून माणसाला टोचायचे संप्रेरक बनवणे १९८५ नंतर मागे पडले, कारण त्या मार्गाने मिळालेले वाढीचे संप्रेरक घेतलेल्यांपैकी काहींना क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा असाध्य आजार झाल्याचे उघड झाले. रिकॉम्बिनंट टीएसएचसाठी ९४/६७४ हे संदर्भद्रव्य वेगळे ठेवले आहे, आणि ते वेगळे ठेवावे लागले यातच पुष्कळ काही आले.

८०/५५८च्या ॲम्प्यूलमध्ये ७.५ मायक्रोग्रॅम प्रथिन आणि ३७ मिलियुनिट, म्हणजे एका मिलिग्रॅमला साधारण ४.९ युनिट. कितीतरी जण हा आकडा पाठ करून कोणत्याही कुपीला लावतात. उदाहरण घेऊ. १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटरचा साठा केला, तर या हिशेबाने त्यात लिटरला ४,९०,००० मिलियुनिट असतात. त्यातले २० मायक्रोलीटर घेऊन ९६० मायक्रोलीटर बफर (आम्लता स्थिर राखणारे द्रावण) घातले की ४९ पट पातळ होऊन १०,००० होतात. मग १०० मायक्रोलीटरला ९०० बफर असे दोनदा केले की लिटरला १०० मिलियुनिटचे वरचे कॅलिब्रेटर, म्हणजे यंत्राला माप शिकवणारे द्रावण, तयार. वहीत सगळे बरोबर दिसते. पण रिकॉम्बिनंट टीएसएचची ताकद लॉटनुसार (एका वेळी बनलेल्या मालानुसार) बदलते, आणि त्या लॉटची ताकद मिलिग्रॅमला ८ युनिट असली तर नळीत १०० नसून १६३ मिलियुनिट असतात. मग त्या कॅलिब्रेटरवरून काढलेल्या वक्रावर वाचलेला प्रत्येक रुग्ण खऱ्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून लॉटच्या प्रमाणपत्रावर ताकद युनिटमध्ये, आणि ती पेशींवर मोजली की अँटीबॉडीने, हे लिहिलेले नसेल तर ती कुपी कॅलिब्रेटर म्हणून वापरू नये. कंट्रोल (तपासणी नीट चालते का ते पाहण्याचा नमुना) म्हणून किंवा पद्धत बसवताना वापरायला हरकत नाही.

कुपी हाताळतानाही बरेच काही बिघडते आणि तो दोष पुढे आठवडाभर भूतासारखा मागे लागतो. फ्रीजमधून काढलेली कुपी लगेच उघडायची नाही. १५-२० मिनिटे बाहेर ठेवावी, नाहीतर हवेतली वाफ थंड पावडरवर बसते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात तर हमखास. पावडर इतकी थोडी असते की ती बुचाला चिकटलेली दिसतसुद्धा नाही, त्यामुळे आधी सेंट्रिफ्यूजमध्ये थोडा वेळ फिरवून ती तळाला आणावी. पाणी भिंतीवरून हळू सोडावे, साठा १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटरपेक्षा पातळ करू नये आणि १०-१५ मिनिटे कुपी नुसती ठेवून मधूनमधून अलगद फिरवावी. जोरात घुसळणाऱ्या व्होर्टेक्स यंत्राला लावायची नाही. फेस झाला की हवा आणि पाण्याच्या सीमेवर प्रथिन उलगडते. आम्लात किंवा फार वेळ उबेत ठेवले तर दोन साखळ्या सुटतात, आणि सुटलेल्या साखळ्या सँडविच तपासणीला दिसत नाहीत.

खरी गळती पातळ करताना होते. लिटरला ४ मिलियुनिट म्हणजे एका मिलिलीटरला नॅनोग्रॅमपेक्षाही कमी प्रथिन. एवढे थोडे प्रथिन नुसत्या खारट बफरमध्ये ठेवले तर नळीच्या भिंतीला चिकटून बसते, काचेला आणि पॉलिस्टायरीनला जास्तच. बफरमध्ये ०.१ ते १ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातले प्रथिन) घालावे आणि नळ्या पॉलिप्रॉपिलीनच्या घ्याव्यात. किटमध्ये हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज हे रंग आणणारे विकर असेल तर बफरमध्ये सोडियम अझाइड नको, ते विकरच बंद पाडते आणि सगळी प्लेट फिकी येते. उरलेला साठा छोट्या भागांत करून उणे ८० किंवा उणे २० अंशांवर ठेवावा. उणे २० म्हणजे आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीजर नव्हे. तो रोज थोडा तापतो आणि गोठण्या-वितळण्याचे हेलपाटे प्रथिनाला घडवतो.

सीरममध्ये (रक्तातल्या पेशीविरहित द्रवात) टीएसएच घालून परत किती मिळते ते पाहण्याच्या चाचणीतही एक नेहमीची चूक होते. लिटरला २.० मिलियुनिटच्या ९५० मायक्रोलीटर सीरममध्ये लिटरला १०० मिलियुनिटचे ५० मायक्रोलीटर घातले तर ७.० अपेक्षित नाही. सीरमही पातळ झालेले असते, म्हणून १.९ अधिक ५.० असे ६.९. दुसऱ्या नळीत तेवढेच साधे बफर घालून १.९ येते का ते पाहावे. ६.९च्या जागी ६.४ आले तर घातलेल्यापैकी ९० टक्के परत मिळाले. कमी मिळाले तर ते कुठे कमी पडते ते बघावे. खालच्या पातळीवर जास्त तूट आणि वर कमी, असे असेल तर प्रथिन नळीला चिकटते आहे. सगळ्या पातळ्यांवर तूट सारखीच, समजा पाऊण हिस्साच परत मिळतो आहे, असे असेल तर युनिटचा हिशेब चुकला आहे किंवा त्या किटची अँटीबॉडी हॅम्स्टरी साखरेचे टीएसएच नीट ओळखत नाही. पहिली तूट बफर बदलून जाते. दुसरीवर बफरचा इलाज नाही. टीएसएचविरहित सीरम हवे म्हणून कोळशातून गाळलेले सीरम वापरणारेही आढळतात. कोळसा टी३, टी४ आणि स्टिरॉइडसारखे लहान रेणू धरतो, टीएसएच बऱ्यापैकी तसेच राहते. त्यासाठी अँटीबॉडीच्या कॉलममधून काढलेले सीरम लागते.

हा झाला प्रयोगशाळेचा भाग. टिपणातल्या दुसऱ्या विधानाने सामान्य वाचकाचे नुकसान होऊ शकते ते पुढे.

तपासणीचे यंत्र टीएसएचचे काम मोजत नाही. दोन अँटीबॉडी एका रेणूवर दोन बाजूंनी बसल्या की नाही, एवढेच ते मोजते. एकीला रेणू दिसला नाही तर उत्तर शून्य. २०१४ साली अमेरिकेतून दक्षिण आशियाई वंशाच्या काही लोकांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांचा थायरॉइड उत्तम, टी३-टी४ ठीक, पण एका कंपनीच्या यंत्रावर टीएसएच मोजण्यापलीकडे कमी. तेच नमुने इतर कंपन्यांच्या यंत्रांवर लावले तर आकडा सामान्य. कारण निघाले ते बीटा साखळीत ५५व्या जागी आर्जिनिनच्या ऐवजी ग्लायसिन असण्याचे. नेमक्या त्याच जागेवर त्या किटची एक अँटीबॉडी बसत होती. पुढे हा बदललेला रेणू पेशींमध्ये मुद्दाम तयार करून तपासला, तेव्हा त्याचे काम शाबूत असल्याचे दिसले. आंधळी होती ती अँटीबॉडी. रिकॉम्बिनंट तंत्राचा खरा उपयोग मला विचाराल तर हा: रेणूत एक अक्षर बदलायचे आणि कोणत्या किटला तो दिसेनासा होतो ते पाहायचे.

आपल्याकडे ही गोष्ट परदेशी कुतूहल म्हणून सोडून देता येत नाही, कारण सापडलेले लोक आपल्याच उपखंडातले होते. जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर आकडा शून्य येतो आणि किमान कोणीतरी चमकतो. एकच प्रत बदललेली असेल तर आकडा नुसता कमी पडतो, तोही बहुधा सामान्य पट्ट्यातच, आणि कोणालाच काही कळत नाही. नेहमीचा तर्क इथे उपयोगी पडतो. टी४ दुपटीने बदलले तर टीएसएच साधारण शंभर पटींनी बदलते, इतकी पिट्यूटरी हळवी आहे. त्यामुळे टीएसएच शून्य आणि मुक्त टी४, टी३ मात्र पट्ट्याच्या मधोमध, धडधड नाही, वजन उतरलेले नाही, अशी जोडी दिसली की तोच नमुना दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर लावून पाहावा. त्याआधी थायरॉक्सिन कमी करू नये आणि थायरॉइडला आवर घालणारे कार्बिमॅझोल तर मुळीच सुरू करू नये.

आकडा फसवणारी बाकीची कारणे जास्त परिचित आहेत. केसगळतीच्या गोळ्यांत ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन हे जीवनसत्त्व असते. शरीराची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास. बायोटिन आणि त्याला पकडणारे स्ट्रेप्टॅव्हिडिन हे प्रथिन यांच्या जोडीवर चालणाऱ्या किटमध्ये त्यामुळे टीएसएच खोटे कमी आणि टी४ खोटे जास्त येते, म्हणजे कागदावर थायरॉइड अतिरेकी काम करण्याच्या ग्रेव्हज आजाराचे हुबेहूब चित्र. निदान दोन दिवस गोळ्या थांबवून रक्त द्यावे. उलट काही जणांच्या रक्तात टीएसएचला स्वतःचीच अँटीबॉडी चिकटून मोठे गाठोडे होते, आकडा उंच जातो आणि माणूस ठणठणीत असतो. शंका आली तर २०० मायक्रोलीटर सीरममध्ये तेवढेच २५ टक्क्यांचे पीईजी ६००० (मोठे रेणू तळाला बसवणारे रसायन) घालून, दहा मिनिटांनी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, वरच्या द्रवातला आकडा दुप्पट करावा. मूळ आकड्याच्या पाव हिस्साही उरला नाही तर गाठोड्याची शक्यता मोठी. सोबत साध्या रुग्णाचे सीरम लावायचे विसरू नये, कारण पीईजी थोडे सुटे टीएसएचही खाली ओढते. रक्ताची वेळही सांभाळावी. टीएसएच रात्री चढते आणि दुपारी उतरते, म्हणून एकदा सकाळी सातला आणि एकदा दुपारी तीनला दिलेल्या रक्ताची तुलना करण्यात अर्थ नाही.

नवजात बाळांच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या ठिपक्यांचा हिशेब आणखी निराळा. तिथे काही कार्यक्रम आकडा पूर्ण रक्ताच्या युनिटमध्ये देतात, काही सीरमच्या. पूर्ण रक्तातले १० म्हणजे सीरमचे साधारण २२. अहवालावर युनिट लिहिलेले असते, पण कोणत्या प्रकारचे ते नसते, आणि सीमारेषेवरचे बाळ निसटते ते इथे. अशा कार्डांची कॅलिब्रेटर धुतलेल्या तांबड्या पेशी आणि टीएसएचविरहित सीरम मिसळून करतात. त्यात पेशींचे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास राखले नाही तर ठिपका कागदावर वेगळा पसरतो आणि ३.२ मिलिमीटरच्या चकतीत रक्तच कमी-जास्त येते. जन्मानंतर पहिल्या २४ तासांत टीएसएच एरवीही उसळलेले असते. ठिपका ४८ तासांनंतरचा असावा, हे घाईने घरी सोडताना विसरले जाते.

एवढे सगळे असताना आकडे जुळवण्याचे काम कोणी करतच नाही असे मात्र नाही. आंतरराष्ट्रीय क्लिनिकल केमिस्ट्री महासंघाची, म्हणजे आयएफसीसीची, समिती टीएसएचच्या पद्धती एकमेकींशी जुळवते आहे, आणि त्यासाठी शुद्ध कुपीऐवजी खऱ्या रुग्णांच्या सीरमचे संच वापरते. वेल्लोरच्या सीएमसी या वैद्यकीय महाविद्यालयाची बाह्य गुणवत्ता योजना आपल्याकडच्या प्रयोगशाळांना नमुने पाठवते आणि त्यात प्रत्येकीची तुलना तीच पद्धत वापरणाऱ्या इतरांशी केली जाते. पद्धतीनुसार आकडा वेगळा येतो हे त्या व्यवस्थेत गृहीतच धरले आहे. प्रयोगशाळांना हे ठाऊक असते, रुग्णाला मात्र कोणी सांगत नाही. म्हणून मागणी साधी आहे: टीएसएचच्या प्रत्येक अहवालावर यंत्राचे आणि पद्धतीचे नाव, रक्त घेतल्याची वेळ आणि त्याच पद्धतीचा सामान्य पट्टा छापावा. खर्च एका ओळीच्या शाईचा. प्रयोगशाळा बदलली किंवा प्रयोगशाळेने यंत्र बदलले तर निदान डॉक्टरांच्या नजरेला तरी पडेल. गोळीचा डोस बदलल्यावर फेरतपासणी सहा ते आठ आठवड्यांनी, आणि शक्यतो त्याच ठिकाणी, असेही तिथेच छापता येईल.

शेवटी टोचण्याच्या औषधाविषयी, कारण टिपणात दोन्हींची सरमिसळ झाली आहे. थायरॉइडच्या कर्करोगात ग्रंथी काढल्यावर राहिलेल्या पेशींना किरणोत्सारी आयोडीन घ्यायला लावण्यासाठी टीएसएच वाढवावे लागते. जुना मार्ग म्हणजे थायरॉक्सिन तीन-चार आठवडे बंद ठेवून शरीरालाच ते वाढवू देणे. त्या काळात रुग्ण सुजतो, सुस्तावतो. दुसरा मार्ग रिकॉम्बिनंट टीएसएचचा. थायरोट्रोपिन अल्फा या नावाने त्याला अमेरिकेत १९९८ साली मान्यता मिळाली. ०.९ मिलिग्रॅमची दोन इंजेक्शने स्नायूत, २४ तासांच्या अंतराने, दुसऱ्यानंतर २४ तासांनी आयोडीन आणि ७२ तासांनी थायरोग्लोब्युलिन (थायरॉइडच्या पेशींतले प्रथिन) मोजण्यासाठी रक्त. त्या आठवड्यात टीएसएच मोजले तर ते उंचच येणार, त्यावरून कोणीही गोळी वाढवू नये. हे औषध आणि प्रयोगशाळेसाठी विकली जाणारी कुपी एकाच जातीच्या पेशींत बनलेली असली तरी दुसरीला निर्जंतुकतेची किंवा जिवाणूंच्या विषाच्या तपासणीची हमी नसते. ती माणसाला टोचता येत नाही. टिपणात ऑनलाइन किंमत दिली आहे ती या दुसऱ्या कुपीची आहे. कोणा रुग्णाच्या नातेवाइकाने ‘हेच औषध इतक्या स्वस्तात’ असे समजून ती मागवण्याआधी तेवढी दुरुस्ती पहिल्या संधीला, आणि त्याच पानावर, छापावी ही विनंती.

आपला,
वैद्यकीय जीवरसायनशास्त्रातील एक वाचक, पुणे